बस वळणार कुठे?

आमच्या वसाहतीला नवी बस नको होती. बस होतीच. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकातून सुटून शहापूर, वडगाव करत ती फाट्यापर्यंत यायची. तिथं ड्रायव्हर-कंडक्टर चहा घ्यायचे आणि गाडी परत फिरायची. फाट्यापासून आमची घरं पावणेदोन किलोमीटर. ही गाडी तेवढी पुढं आणा, एवढंच आमचं म्हणणं. ते व्हायला जवळजवळ वर्ष गेलं, आणि त्यातला बराचसा वेळ ज्या प्रश्नात गेला तो आमच्या अर्जात कुठंच नव्हता.

आधी वसाहतीबद्दल सांगते. बेळगावच्या दक्षिणेला, येळ्ळूर-धामण्याच्या अंगाला भाताची शेतं विकून प्लॉट पाडलेत. बरेचसे बाँडवरचे. बाँड पेपरवर लिहून घ्यायचं, पैसे मोजायचे, घर बांधायचं. जमीन बिनशेती झालेली नाही, नकाशा मंजूर नाही, उताऱ्यावर अजून शेतकऱ्याचंच नाव. स्वस्त पडतं म्हणून आम्ही इथं आलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. खानापूर-चंदगडकडची मराठी माणसं, बैलहोंगल-सौंदत्तीकडची कन्नड माणसं, खासबाग-वडगावात मागावर बसणारे, उद्यमबागेत फौंड्रीत जाणारे, टिळकवाडी-भाग्यनगरात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला की दोन्ही बाजूंची शेतं पाण्याखाली जातात आणि त्यातून आमचा रस्ता तेवढा वर दिसतो. मी उद्यमबागेत एका वर्कशॉपचे हिशेब लिहिते.

११ जून २०२३ ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली आणि राज्यातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला. आमच्याकडे त्यानं भलतंच गणित तयार झालं. फाट्यापासून शहरात जायला शून्य रुपये, आणि घरापासून फाट्यावर जायला रिक्षाला वीस. येताना आणखी वीस. भांडी घासून जे हातात येतं त्यातले महिन्याला हजाराच्या आसपास या पावणेदोन किलोमीटरला जायचे. परवडत नाही त्या चालायच्या, पहाटेच्या अंधारात, कुत्र्यांना दगड दाखवत. बसचं तिकीट काढावं लागायचं तोवर रिक्षाचे पैसे एवढे टोचत नव्हते. बस फुकट झाली आणि ते डोळ्यावर आले. भिशीला जमलो की हाच विषय. समोरच्या घरातल्या अक्का एकदा वैतागून म्हणाल्या, "फुकटची बस बघायला वीस रुपये द्यूलाय आम्ही." अक्का सौंदत्तीकडच्या, घरात कन्नड, पण आमच्यात राहून मराठी आमच्याहून फर्डं झालंय.

२०२४ च्या पावसाळ्यात अर्ज केला. अर्ज कन्नडमधून द्यायचा हे कुणी बसून ठरवायची गरज नव्हती, इथं राहणाऱ्याला ते माहीत असतं. कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडं गेलो. त्याच्याकडं असल्या निवेदनांचा साचा तयार असतो, फक्त गावाचं नाव आणि तारीख बदलायची. अक्कांनी तो कागद मोठ्यानं वाचला आणि "ह्यात आमची अडचण कुठं हाय?" असं विचारून त्याला दोन परिच्छेद नव्यानं टाइप करायला लावले. सह्या गोळा केल्या. मराठी सह्या, कन्नड सह्या, अंगठे. नगरसेवकांचं शिफारसपत्र जोडलं. पोच घेतली. सह्यांचा गठ्ठा चांगला जाड होता आणि आमचा त्याच्यावर भरवसा होता.

वाहतूक विभागातल्या साहेबांनी तो गठ्ठा उघडलासुद्धा नाही. ते कन्नड-मराठी मिसळून शांतपणे बोलत होते. म्हणाले, "किती लोक राहतात ते नको. किती वाजता किती जण निघतात ते आणा." मग त्यांनी एक कागद पुढं केला. प्रत्येक गाडीचा दिवस असा एका कागदावर मांडलेला असतो, त्याला ते फॉर्म फोर म्हणतात. पहिली फेरी किती वाजता, कुठून कुठं, पळायला किती मिनिटं, थांबायला किती, जेवण कधी, गाडी डेपोत कधी. त्यांनी पेन्सिलनं आमचे पावणेदोन किलोमीटर त्यात घालून दाखवले. जाऊन-येऊन साडेतीन, खराब रस्ता, वळायला वेळ, म्हणजे दर फेरीला दहा-बारा मिनिटं. दिवसभराच्या फेऱ्यांना ती जोडत गेलं की संध्याकाळपर्यंत अख्खी एक फेरी खाऊन जातात. "ही फेरी मी कुणाची काढू सांगा," ते म्हणाले. "वडगावच्या लोकांची?"

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आपण मागतो तेव्हा सरकारकडं मागतोय असं वाटतं. खरं तर त्याच रस्त्यावर आपल्या आधी स्टॉपवर उभ्या असलेल्या बाईच्या वेळेतून मागत असतो. मी घरी येऊन हे सांगितलं तर अर्ध्या बायांना पटलं नाही. "त्यांनी जादा बस घालावी की," म्हणाल्या. बरोबरच आहे. पण जादा बस, जादा ड्रायव्हर हे हुबळी-बेंगळूरला ठरतं. पेन्सिलवाल्या साहेबांच्या हातात फक्त तो कागद होता.

मग आम्ही मोजायला बसलो. नाल्यावरच्या मोरीवर, वही घेऊन, पहाटे साडेपाचपासून. पायी जाणारे, रिक्षानं जाणारे, दुचाकीवर मागं बसून जाणारे, तिन्हीचे वेगळे रकाने. दुचाकीवर मागं बसणाऱ्या बायका आम्ही वेगळ्या धरल्या. बस आली तर याच पहिल्या उतरतील, कारण नवऱ्याला त्यांना सोडायला जायचा कंटाळा असतो. साडेसहा ते साडेआठमध्ये गर्दी, मग दुपारपर्यंत काहीच नाही, संध्याकाळी पाच ते साडेसात पुन्हा लोंढा. म्हणजे दिवसभर बस नकोच होती. सकाळच्या काही आणि संध्याकाळच्या काही फेऱ्या पुढं आल्या तरी काम भागत होतं. ही वही बघितल्यावर साहेबांचा सूर बदलला. "हे होण्यासारखं हाय," म्हणाले. आमच्या जाडजूड गठ्ठ्यापेक्षा त्या शंभर पानी वहीला जास्त मान मिळाला.

पाहणीला जीप आली ती नेमकी गणपतीत. एक इन्स्पेक्टर, एक जुना ड्रायव्हर आणि मोजायची फीत. रस्ता कागदावर तीस फुटी. प्रत्यक्षात लोकांनी पायऱ्या, ओटे, तुळशीवृंदावन, मोटारसायकल चढवायचे सिमेंटचे उतार असं करत करत तो दोन्हीकडून खात आणलेला. ड्रायव्हरमामा फीत बघतच नव्हते. वर बघत चालले होते. केबलच्या तारा कुठं लोंबतात, आंब्याची फांदी किती खाली आलीय, विजेची तार कुठं झोळ पडलीय. टपावर हात फिरवल्यासारखा हात वर करून ते एकेक दाखवत होते. "गाडी खालून अडत नाही ताई, वरून अडती," म्हणाले. मोरीवर उतरून त्यांनी कठडा लाथ मारून बघितला आणि काही न बोलता पुढं गेले.

आणि मग त्यांनी विचारलं, "वळवायची कुठं?"

मोठ्या बसला एका दमात वळायला साधारण चोवीस-पंचवीस मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. मागं-पुढं करून कमी जागेतही वळते, पण मग प्रत्येक वेळी कंडक्टरनं खाली उतरून शिट्टी मारायची, मागं पोरं खेळत असतात, आणि एक दिवस काहीतरी होतं. इन्स्पेक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गाडी रिव्हर्स घेऊन वळवायच्या जागी मी सही करणार नाही. त्यांचं चुकत नव्हतं.

आता प्लॉट पाडताना नकाशावर मोकळी जागा दाखवलेली असते. ती आमच्या झेरॉक्सवरही होती, छान हिरवी रेघ मारून. प्रत्यक्षात तिथं कधीच चार घरं झालीत, त्यातलं एक आमच्या भिशीच्या खजिनदारबाईंचं. त्यांना काय बोलणार? त्यांनीही पैसे मोजलेत. उरली मरगाईच्या देवळापुढची जागा, आणि तिथं गणपतीचा मांडव. मंडळाची पोरं जीपभोवती गोळा झाली. इन्स्पेक्टर मांडवाकडं बघत म्हणाले, "जागा बरी हाय, पण हे?" एक पोरगा म्हणाला, "हे अकराच दिवस असतंय साहेब." साहेब म्हणाले, "आणि अकरा दिवस बस उडत येणार?"

पोरांशी बोलणं मी समजत होते तेवढं अवघड गेलं नाही. त्यातल्या दोघांच्या आया पहाटे चालत जाणाऱ्यांतल्या होत्या. पुढच्या वर्षी मांडव देवळाच्या मागच्या अंगाला घालायचा, मात्र बसच्या पहिल्या फेरीला हार घालायचा मान मंडळाचा, यावर तोडगा निघाला. अडलं ते जागेच्या मालकाशी. ती जागा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं प्लॉट विकताना देवासाठी सोडलेली. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबा म्हणाले, "देवाला सोडलीय. सरकारला न्हाई."

त्यांची भीती उगीच नव्हती. आमच्या भागात हलगा-मच्छे बायपाससाठी पिकती जमीन जाऊ नये म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात आणि बांधावर भांडत आलेत. कित्तूरमार्गे बेळगाव-धारवाड असा सुमारे ७३ किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग ठरला, तर देसूर, नंदिहळ्ळी, गर्लगुंजीकडचे लोक म्हणूलालेत, रूळ खडकाळ रानातून न्या, भाताच्या शेतातून नको. मला तेव्हा राहून राहून वाटायचं, ज्यांना दारात रेल्वे नको त्यांच्या वावरात खांब रोवतात आणि आम्ही एका जुन्या बससाठी चपला झिजवतोय. पण आबांच्या जागी बसून बघितलं तर दोन्हीचा धागा एकच. एकदा सरकारी चाक जमिनीवर फिरलं की जमीन आपली राहत नाही, असं त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. त्यांना लिहून हवं होतं, की बस वळली म्हणून जागा सरकारजमा होणार नाही. असं लिहून द्यायला कुठलाच अधिकारी तयार होईना. आम्ही जागा घेतच नाही, फक्त वळतो, तर लिहायचं काय, असं त्यांचं उत्तर.

शेवटी देवस्थानच्या पंचांनी ना हरकत पत्र दिलं. जागा देवाची, वापर वळण्यापुरता, यात्रेच्या दिवसांत गाडी अलीकडं थांबेल, असं त्यात घातलं. आबांनी त्यावर सही केली ती आज्जींमुळे. आज्जींना डोळ्यांसाठी सिव्हिलला खेपा घालाव्या लागत होत्या. त्या चुलीपुढून उठून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मरगाईला काय अडचण हाय बसची? तिनं सांगितलंय काय तुमास्नी?" आबांनी चष्मा मागितला.

मला वाटलं संपलं. तर रस्त्याच्या योग्यतेचा दाखला राहिला होता. ज्या रस्त्यावरून बस जाणार तो बसच्या वजनाला लायक आहे असं रस्ता ज्याचा त्या खात्याच्या इंजिनियरनं लिहून द्यायचं असतं. आता रस्ता कुणाचा? एका कार्यालयात म्हणाले, वसाहत मंजूर नाही, रस्ता आमच्या ताब्यात आलेलाच नाही. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, तो भाग आता आमच्या हद्दीत नाही. तिसऱ्या ठिकाणी फाट्यापासून मोरीपर्यंतचा तुकडा त्यांचा निघाला, मोरीच्या पुढचा नाही. पाण्याचा टँकर येतो, विजेचं मीटर बसतं, घराचा कर भरून घेतात, मतदानाची चिठ्ठी घरपोच येते. यातल्या कुणीही आजवर रस्ता कुणाचा हे विचारलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं ते बसनं. बेकायदा वसाहतीत राहणं म्हणजे काय हे मला त्या दिवसांत कळलं. कुणी घालवून देत नाही, पण आपल्या दारापुढची माती कुणीच आपली म्हणत नाही.

मी कर भरल्याच्या पावत्यांच्या झेरॉक्स काढल्या, गल्लीवार लावल्या आणि पहिल्या कार्यालयात नेऊन ठेवल्या. भांडले नाही. नुसतं विचारलं, हे पैसे कशाचे? टेबलावरच्या माणसानं त्या चाळल्या, आत नेल्या. पुढं काही दिवसांनी एक तरुण इंजिनियर मोजमाप घेऊन गेला आणि "सार्वजनिक वापरात असलेला रस्ता" अशा शब्दांत दाखला निघाला. मालकी कुणाची ते त्यातही लिहिलेलं नाही.

मध्ये डिसेंबर आला. हलग्याच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की बेळगावात दुसरं कुठलंच काम होत नाही. मोर्चे, बंदोबस्त, मंत्र्यांच्या गाड्या, आणि सगळे साहेब ड्युटीवर. २०२४ ला तर त्यालाच जोडून १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी आली. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, टिळकवाडीत भरलेलं. शहरभर रोषणाई, आणि आमची फाईल जिथल्या तिथं. ५ जानेवारी २०२५ पासून तिकीट १५ टक्क्यांनी वाढलं, त्याचे फटके आमच्या पुरुषांना. आणि फेब्रुवारीत बाळेकुंद्रीजवळ भाषेच्या वादावरून एका कंडक्टरला मारहाण झाली. महाराष्ट्र-कर्नाटकच्या गाड्या काही दिवस एकमेकांकडं जायच्या थांबल्या. इथं जन्म गेलेल्यांना हे नवीन नाही, पण त्या आठवड्यात बसच्या कार्यालयात जाऊन मराठी आडनावानं "आमच्या अर्जाचं काय झालं" विचारायचं म्हणजे पाय उचलत नव्हता. अक्का म्हणाल्या, "तू बस घरी. मी जाऊन येते." त्या गेल्या, एकट्या, आणि फाईल कुठल्या टेबलावर अडलीय ते विचारून आल्या. मोरीचा दुरुस्त कठडा बघायला कुणी आलंच नव्हतं, एवढंच अडलेलं.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या सुमाराला ट्रायल झाली. रिकामी गाडी, तेच ड्रायव्हरमामा. तारा आधीच वर बांधून घेतल्या होत्या, आंब्याची फांदी तोडलेली, तीन घरांच्या पायऱ्या लोकांनी स्वतः फोडल्या, चौथ्यानं फोडल्या नाहीत आणि आजही तिथं गाडी इंच इंच जाते. देवळापुढं एका दमात वळली. पोरांनी हार घातला, नारळ फोडला. मामा खाली उतरले नाहीत, खिडकीतूनच पेढा घेतला, कारण वेळ लिहायचा होता.

आता सकाळच्या तीन आणि संध्याकाळच्या तीन फेऱ्या आमच्यापर्यंत येतात. सुरुवातीला बायका फाट्यापर्यंतचा टप्पा तिकीट न घेता बसायच्या, फुकटच आहे म्हणून. मग कंडक्टरनं समजावलं की शून्य रुपयांचं तिकीटसुद्धा घ्यावंच लागतं. त्याच तिकिटांच्या हिशेबावर सरकार पैसे देतं, आणि या फेऱ्यांना माणसं आहेत हे त्याच कागदावर दिसतं. आता आम्हीच एकमेकींना "तिकीट घेतलीस काय गं" विचारतो. चंदगडकडून लग्न होऊन आलेल्या पोरींचं मात्र अजून दुखतं. आधारवर माहेरचा महाराष्ट्राचा पत्ता, म्हणून पूर्ण तिकीट. पत्ता बदलायला घराचा कागद हवा, आणि घराचा कागद म्हणजे तो बाँड. एकाच सीटवर सासू शून्य रुपयांत आणि सून पैसे मोजून, हे आमच्या गाडीत रोज दिसतं.

एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती. सौंदत्तीला यल्लम्माची यात्रा आली की जादा गाड्या तिकडं जातात आणि शहरातल्या ज्या फेऱ्या गळतात त्यात टोकाच्या पहिल्या. कुणी कळवत नाही. फाट्यावर येऊन गाडी वळते आणि आपण समजून जायचं. हुबळी-धारवाडला २०२० मध्ये बीआरटीएसचं रीतसर उद्घाटन झालं, बससाठी वेगळी लेन, सिमेंटची स्टेशनं. मोठ्या शहरांतून उपनगरापर्यंत हलकी रेल्वे नेतात. त्याला पैसा लागतो, जमीन लागते, आबांसारख्यांची झोप लागते, हे सगळं खरं. पण एकदा रूळ घातला, स्टेशन बांधलं, की ते गुपचूप उचलून यात्रेला नेता येत नाही. आमच्याकडं पुरावा म्हणून आहे फक्त फॉर्म फोरवरची एक ओळ, आणि ती पेन्सिलनं लिहिलेली असावी असं मला अधूनमधून वाटतं. म्हणून मोरीवरची वही बंद केलेली नाही. फेरी चुकली की तारीख घालून लिहितो आणि महिन्याच्या शेवटी त्याची झेरॉक्स देऊन येतो. २०२५ च्या गणपतीत पोरांनी मांडव शब्दाप्रमाणे देवळामागं घातला, त्या अकरा दिवसांत वहीत एकही ओळ नाही.

सध्या मागणी आहे ती रात्रीच्या एका फेरीची. मागावरची दुसरी पाळी सुटते तेव्हा फाट्यावरून पुढं काहीच नसतं. साहेब बदललेत. नव्या साहेबांनीही तोच कागद काढला आणि विचारलं, रात्री साडेनऊला किती जण? यावेळी मोजायला पुरुषांना बसवलंय, आणि ते रोज काहीतरी कारण काढूलालेत.